नवा गुडघा आणि पुड्यांचे खोके

(आपल्या कार्याच्या हितचिंतकांच्या पनवेल येथील मेळाव्यात एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेले भाषण, त्यांच्याच शब्दांत.)



मागच्या वर्षी याच मेळाव्यात मी शेवटच्या रांगेत बसले होते. गीताच्या वेळी सगळी मंडळी उभी राहिली, मी बसूनच गायले. आज या तीन पायऱ्या, कठडा धरून का होईना, पण माझी मी चढून आले. त्याबद्दल देवाचे आभार, आणि माझ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या, डबा पाठवणाऱ्या, रिक्षा थांबवून मला घरी सोडणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार.

पाळकसाहेब म्हणाले, "सिस्टर, तुमच्या ऑपरेशनची साक्ष द्या." साक्ष देते. पण आज मला खरे बोलायचे आहे ते बाहेर टेबलावर ठेवलेल्या खोक्याविषयी. पुढच्या महिन्यात माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांवर आपले आरोग्य शिबिर आहे. त्यासाठी घराघरांतून उरलेली औषधे गोळा झाली आहेत. काल मी ते खोके उघडून पाहिले. निम्म्याहून अधिक भरले आहे ते व्हिटॅमिन डीच्या पुड्यांनी आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी. ते खोके प्रेमाने भरले आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ते वाडीवर जाऊ नये, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी मला माझ्या गुडघ्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

माझे वय ६८. चौतीस वर्षे नर्सिंग केले. निवृत्तीनंतर आपल्या शिबिरांत येत होते. मग उजवा गुडघा दुखू लागला. आधी जिना उतरताना, मग चढताना, मग रात्री झोपेतही. एक्स-रेमध्ये दिसले की मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामधली कूर्चा झिजून हाडावर हाड घासत आहे. दुखते म्हणून मी घराबाहेर पडणे सोडले. बाजार मुलगा करी, उपासनेला महिन्यातून एकदा येई. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीला सरकत्या काचा लावलेल्या. त्या काचेमागे खुर्ची टाकून मी सकाळी बसत असे आणि मनाशी म्हणत असे, चला, ऊन तर मिळते आहे.

सांधा बदलायचे ठरले तेव्हा डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर रक्तातले व्हिटॅमिन डी तपासायला सांगितले. रिपोर्ट आला ९. एका मिलिलिटर रक्तात ९ नॅनोग्रॅम. २० च्या खाली असेल तर कमतरता धरतात. मी रिपोर्ट दोनदा वाचला. आयुष्यभर बाळंतिणींना "बाळाला उन्हात न्या" म्हणून सांगणारी मी, आणि माझेच ऊन संपले होते.

थोडे समजावून सांगते. आपल्या कातडीवर ऊन पडते तेव्हा त्यातल्या एका विशिष्ट किरणाने, त्याला अल्ट्राव्हायोलेट बी म्हणतात, कातडीत व्हिटॅमिन डी तयार होते. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. त्याचे मुख्य काम म्हणजे आपण खाल्लेले कॅल्शियम आतड्यातून रक्तात घेणे. ते नसेल तर नाचणी खा, दूध प्या, त्यातले बरेचसे कॅल्शियम तसेच बाहेर जाते. मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते. लहान मुलांची हाडे वाकतात, त्याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांची हाडे मऊ पडतात, अंग ठणकते, मांड्यांचे स्नायू दुबळे होतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो.

पण तो अल्ट्राव्हायोलेट बी किरण काचेतून येत नाही. माझ्या बाल्कनीत ऊब येत होती, उजेड येत होता, व्हिटॅमिन डी येत नव्हते. दुसरे म्हणजे आपण ज्याला कोवळे ऊन म्हणतो, त्या सकाळी सातच्या उन्हात हा किरण फारच थोडा असतो. सूर्य वर आला, आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली, म्हणजे तो पुरेसा मिळू लागतो. आणि वय झाले की तीच कातडी तेवढ्याच उन्हात तरुणपणाच्या निम्म्याहून कमी व्हिटॅमिन तयार करते. सावळ्या रंगाला उन्हात जास्त वेळ लागतो. त्यात आपल्या पनवेलचा पावसाळा, चार महिने आभाळ भरलेले. म्हणजे दुखते म्हणून घरात बसायचे, घरात बसून ऊन जायचे, ऊन गेले की स्नायू आणखी दुबळे, आणि दुबळ्या स्नायूंनी गुडघा आणखी दुखायचा. या फेऱ्यात मी दोन वर्षे फिरत होते.

उन्हाची ही गोष्ट कळायला एका मिशनरी डॉक्टरचाही हातभार लागला आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. थिओबाल्ड पाम हे जपानमध्ये निइगाता येथे वैद्यकीय मिशनरी होते. जपानमध्ये त्यांना मुडदूस जवळजवळ दिसला नाही. इंग्लंडला परतल्यावर मात्र धुराने काळवंडलेल्या शहरांत तो पावलोपावली दिसला. त्यांनी देशोदेशीच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली, आपल्या हिंदुस्थानातूनही, आणि १८९० साली लिहिले की या रोगाचे मूळ सूर्यप्रकाशाच्या अभावात आहे. तेव्हा व्हिटॅमिन हा शब्दही जन्माला आला नव्हता.

दुसरी गोष्ट आपल्या नाशिकची. १९२२ साली हचिसन आणि शहा या दोघांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाशिककडच्या खात्यापित्या घरांतल्या पडद्यात राहणाऱ्या बायका आणि त्यांच्याबरोबर घरात कोंडलेली बाळे यांच्यात हाडे मऊ पडण्याचा रोग त्यांना आढळला. अर्धपोटी राहून उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो फारसा नव्हता. तूप-दूध होते तिथे रोग, आणि ऊन होते तिथे आरोग्य. काचेमागे बसलेल्या मला ही गोष्ट वाचताना हसू आले आणि लाजही वाटली.

आता ऑपरेशन. ते डॉक्टरांनी दोन महिने पुढे ढकलले. आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची एक पुडी, अशा आठ पुड्या, दुधाबरोबर. वजन थोडे कमी करायला सांगितले आणि मांडीचे व्यायाम आधीपासूनच सुरू केले. मग ऑपरेशन झाले. झिजलेली टोके कापून मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये प्लॅस्टिकची गादी बसवतात. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले. मी रडले, पण उभी राहिले.

मला सारखे विचारतात, "सिस्टर, व्हिटॅमिन डीने तुम्ही लवकर बऱ्या झालात ना?" याचे प्रामाणिक उत्तर असे. ज्यांचे व्हिटॅमिन डी फार कमी असते, त्यांना सांधा बदलल्यावर चालू लागायला उशीर होतो, जखमेच्या तक्रारीही जास्त होतात, असे बऱ्याच पाहण्यांत दिसले आहे. पण ज्याचे व्हिटॅमिन कमी, तो बहुधा घरात बसलेला, अशक्त, नीट न जेवणारा असतो. मग उशीर कशामुळे, हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणून समंजस डॉक्टर म्हणतात, कमतरता असेल तर ऑपरेशनच्या आधी भरून काढा. ती नसेल तर वरून आणखी घेऊन गुडघा लवकर वाकेल, असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत २५,८७१ लोकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना रोज २,००० युनिट व्हिटॅमिन डी दिले, पाच वर्षांहून अधिक काळ. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती. २०२२ साली निष्कर्ष आला की हाडे मोडण्याचे प्रमाण त्यामुळे कमी झाले नाही. रिकामा हंडा भरावा. भरलेल्या हंड्यात ओतले तर पाणी बाहेरच सांडते.

माझा गुडघा सुधारला तो मुख्यतः व्यायामाने. घोटा वरखाली करणे, मांडीचा स्नायू आवळून धरणे, टाच गादीवर सरकवत गुडघा वाकवणे, पाय सरळ ठेवून उचलणे. दिवसातून चार वेळा. दुखते म्हणून सोडले असते तर नवा सांधाही आखडला असता. जेवणात रोज एक अंडे, डाळ, ताक, आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारली. जखम भरायला आणि स्नायू परत यायला प्रथिने लागतात, ती पुडीत नसतात. घरातली पायपुसणी उचलली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, रात्री दिवा चालू ठेवला. नव्या सांध्याला पडणे परवडत नाही.

इथपर्यंत ऐकायला बरे वाटते. आता जे सांगणार आहे ते मी आजवर फक्त माझ्या नवऱ्याला आणि देवाला सांगितले होते. ज्या बाईंविषयी आहे, त्यांची परवानगी घेतली आहे.

माझ्याकडे चार पुड्या उरल्या होत्या. आमच्या इमारतीतल्या एका काकूंचेही गुडघे दुखतात. मी त्या पुड्या त्यांना दिल्या. म्हटले, "मला फार उपयोग झाला, तुम्हीही घ्या." आठवड्यातून एक, असे मी सांगितले होते असे मला वाटते. त्यांनी ऐकले ते रोज एक. गोळी म्हणजे रोजची, असेच आपल्या डोक्यात असते. चार संपल्या. रिकामी पुडी दाखवून त्यांनी औषधाच्या दुकानातून आणखी आणल्या. बरोबर कॅल्शियमची गोळी दोन वेळा. असे चाळीस दिवस चालले. हिशेब करा, ६०,००० गुणिले ४०, म्हणजे २४ लाख युनिट. पन्नाशी-साठीतल्या माणसाची रोजची गरज साधारण ६०० युनिटची.

काकूंना आधी भूक लागेना. मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी. घरच्यांना वाटले पित्त झाले. एके सकाळी त्या काहीबाही बोलू लागल्या, मुलाला ओळखेनात. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा कॅल्शियम खूप वाढलेले निघाले, मूत्रपिंडावर ताण आलेला. आठ दिवस सलाइन लावून ठेवले. देवाची कृपा, त्या वाचल्या. पण मूत्रपिंड पूर्ववत व्हायला तीन महिने लागले.

व्हिटॅमिन सीची गोळी जास्त झाली तर बरीचशी लघवीवाटे निघून जाते. व्हिटॅमिन डी तसे जात नाही. ते चरबीत साठते आणि महिनोन् महिने अंगात राहते. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२०० हून अधिक स्त्रियांवर एक प्रयोग झाला होता. त्यातल्या निम्म्यांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिटचा मोठा डोस दिला. २०१० साली प्रसिद्ध झालेला निकाल उलटाच होता. डोस घेतलेल्या बायका जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. हे मला ठाऊक असायला हवे होते. मी नर्स आहे. रिपोर्ट न पाहता, चिठ्ठीवर दोन ओळी न लिहिता, जिन्यात उभ्याउभ्या मी औषध दिले. काकू मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही मायेने दिलंत." मायेनेच दिले होते. मायेने दिलेले औषधही चुकीचे असू शकते.

म्हणून मला ते खोके पाहून धडकी भरली. शिबिरात दोनशे माणसे येतात. त्यातल्या पुष्कळांना अक्षरओळख नाही. पुडीवर इंग्रजीत लिहिलेले असते. आपण दुपारी जीप घेऊन परत येतो. पुडी आठवड्याची की रोजची, कोण पाहणार? मूतखड्याचा किंवा किडनीचा त्रास असलेल्याने घेतली तर कोण थांबवणार?

शिवाय वाडीवरच्या माणसाला नेमके काय कमी पडते, हे आपण विचारले आहे का? आपल्या भागातले कातकरी दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. दिवसभर उन्हात राबतात. त्यांच्यात व्हिटॅमिन डी कोणाचेच कमी नसेल, असे मी म्हणत नाही. आजारी, म्हाताऱ्या, झोपडीतून बाहेर न पडणाऱ्या माणसाचे असू शकते. पण माझ्या काचेमागच्या दुखण्याचे औषध सरसकट त्यांच्या हातावर ठेवणे बरोबर नाही. तिथे अनेकदा ताटातच कमी असते. भात आणि मिरचीचे पाणी, यात कॅल्शियम कुठून येणार? ऊन भरपूर असले आणि खाण्यात कॅल्शियम नसले, तरीही हाडे दुबळी राहतात.

एका आजीची गोष्ट सांगते आणि आवरते घेते. माझ्या ऑपरेशननंतर सात महिन्यांनी मी पहिल्यांदा वाडीवर गेले. गाडी खाली थांबते, वर अर्धा तास चढ आहे. काठी टेकत गेले. एक कातकरी आजी माझ्या पायाकडे बघत म्हणाली, "बाई, तुझा गुडघा लोखंडाचा झाला म्हणतात. मग तुला कर्ज झालं असंल." मी म्हटले, "झालं नाही आजी, साठवलेलं होतं." ती म्हणाली, "आमच्याकडं दुखणं तेवढं साठवलेलं हाय."

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत तेव्हा ५४,७२० रुपये ठरली, वर कर. पूर्वीपेक्षा ती खूपच कमी होती. पण त्या आजीला तोही आकडा सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला विचारले, "दवाखान्यात कधी दाखवलंस?" ती म्हणाली, "नेणार कोण?"

पुढच्या आठवड्यात आपल्या महिला मंडळातल्या एक ताई आणि मी तिला खाली घेऊन आलो आणि सरकारी दवाखान्यात दाखवले. एक्स-रे निघाला. झीज होती, पण माझ्याएवढी नाही. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको. रक्त तपासले, व्हिटॅमिन डी थोडे कमी निघाले, हिमोग्लोबिन बरेच कमी. औषध त्यांनी दिले आणि ते आशाताईंच्या हाती ठेवले, आजीच्या हाती नाही. आशाताई दर रविवारी जाऊन समोर देतात. आम्ही काय केले? काठी दिली. मांडीचा व्यायाम शिकवला. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढू नको, नातीला एक घेऊ दे, एवढे समजावले. तिच्या सुनेशी नाचणीबद्दल बोललो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ती त्यांच्या वरकस जमिनीत पिकते, पण आता रेशनच्या तांदळापुढे मागे पडली आहे. ओढ्यातल्या काट्यासकट खायच्या बारीक मासळीलाही पुन्हा मान द्यायला सांगितला. आज आजीचा गुडघा दुखायचा थांबलेला नाही. पण ती जमिनीवरून हात न टेकता उठते. दोन महिन्यांनी मी गेले तेव्हा तिने मला उठून दाखवले. मग म्हणाली, "आता तू बसून उठून दाखव." मला जमले नाही. नवा गुडघा असूनही मला खुर्ची लागते. सगळी वाडी हसली, मीही हसले.

तर माझ्या विनंत्या थोडक्यात. तुमच्यापैकी ज्यांचे सांध्याचे ऑपरेशन ठरले आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारा की व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन आणि साखर तपासायची का. कमी असेल तर आधीच भरून काढा. पुडी आठवड्याची की महिन्याची, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि कॅलेंडरवर खूण करा. किती झाल्या की थांबायचे, हेही विचारा. सकाळी दहा-अकराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे, हात-पाय उघडे ठेवून, काचेबाहेरच्या उन्हात बसा. अंग भाजेपर्यंत नको. ऑपरेशननंतर पोटरी सुजली, छातीत दुखले, धाप लागली, जखम लाल होऊन पाझरू लागली किंवा ताप आला, तर घरगुती उपाय करत थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि ते खोके. ते मी घेऊन जाणार आहे. त्यातले जे मुदतीत आणि अखंड असेल ते आपल्या डॉक्टरांना दाखवू, ते ठरवतील. त्या खोक्याऐवजी मला पुढच्या महिन्यापर्यंत चार गोष्टी हव्या आहेत. हाताच्या काठ्या. कमोडची खुर्ची, वापरलेली चालेल, कारण उकिडवे बसता न येणारी माणसे वाडीवर पुष्कळ आहेत. गाडीभाड्यासाठी थोडे पैसे. आणि सर्वांत महत्त्वाचे, महिन्यातून एक दिवस देऊन एखाद्या आजी-आजोबांना दवाखान्यात नेऊन परत घरी सोडतील, अशी दहा माणसे.

चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, हे आपल्याला पाठ आहे. पण तो तिथेच थांबला नाही. त्याने त्याला उतारशाळेत नेले, रात्री त्याची काळजी घेतली आणि जादा खर्च झाला तर परत येईन तेव्हा भरून देईन असे सांगून गेला. मी काकूंना पुडी दिली आणि परत पाहायला गेले नाही. एवढीच माझी चूक होती आणि ती लहान नव्हती.

बाहेर कागद-पेन ठेवले आहे. नावे लिहून जा. आजी विचारत होती, "नेणार कोण?" तिला सांगायला मला दहा नावे हवी आहेत.

देव आपल्या सर्वांना बरे ठेवो.